शूर्पणखेचं गाणं साखरपुड्यात

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मराठी गाण्यांचे 'लपलेले अर्थ' सांगणारा लेख होता तो वाचला, मग बुधवारी त्यावर एका वाचकाचं पत्र पण आलं की गाणं ऐकायचं आणि सोडून द्यायचं, अर्थ काढत बसलं की गाण्याची मजा जाते. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा. मी काही साहित्यातला माणूस नाही. माझा साऊंडचा धंदा आहे, पंचवटीत गोडाऊन आहे, 22 वर्षं झाली. लग्न, हळदी, साखरपुडा, गणपती, भजनी मंडळ, रिटायरमेंट, शोकसभा सगळीकडे गाणं लावणारा माणूस मीच असतो, आणि चुकीच्या ठिकाणी चुकीचं गाणं वाजलं की पहिल्या शिव्या खाणारा पण मीच.

गेल्या डिसेंबरातलीच गोष्ट घ्या. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर साखरपुडा होता. गाण्यांची लिस्ट आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आली, लिस्ट नेहमी रात्रीच येते, दिवसा लोकांना सुचत नाही बहुतेक. मुलीच्या एंट्रीचं गाणं लिहिलं होतं 'कोण तू कुठला राजकुमार'. मला माहिती होतं हे कुणाचं गाणं आहे. पण लिस्टमधलं गाणं आपण बदलायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम, एकदा बदललं होतं तर पेमेंट अडकलं होतं चार महिने. म्हणून लावलं. मुलगी डाळिंबी पैठणीत, मुलगा स्टेजवर फेटा बांधून उभा, दोन्ही बाजूंनी कोल्ड फायर उडालं, एकदम झकास चाललं होतं. आणि पहिल्या रांगेत एक नऊवारीतल्या आजी होत्या, अँकरचा कॉर्डलेस माईक त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चालूच राहिलेला, त्या शेजारणीला म्हणाल्या ते सगळ्या लॉन्सवर वाजलं, "अगं बाई, ही तर शूर्पणखा!"

अर्धे लोक हसले, अर्ध्यांना कळलंच नाही. दोन मिनिटांनी मुलीचे मामा माझ्या मिक्सरपाशी आले, "तुम्हाला एवढं कळत नाही का हो?" मी मोबाईल काढून लिस्ट दाखवली, तरी राग माझ्यावरच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे गाणं गीतरामायणातलं आहे. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर 56 गाणी झाली, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. त्यातलं हे गाणं पंचवटीत घडतं म्हणजे आमच्याच एरियात, शूर्पणखा रामाला बघून भाळते आणि म्हणते मला स्वीकार. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, तपोवनात लक्ष्मणाने तिचं नाक कापलं आणि नासिकेवरून नाशिक असं आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आणि त्याच नाशिकमध्ये साखरपुड्याला नवरीची एंट्री त्या गाण्यावर!

पण खरं सांगू का, त्या मुलीची काहीच चूक नव्हती. सुरुवातीच्या ओळी नुसत्या ऐकल्या तर ते सरळ प्रेमाचं गाणं आहे, आणि चांगलं प्रेमाचं गाणं आहे, गदिमांनी शूर्पणखेला काही खालच्या दर्जाचे शब्द नाही दिले. शूर्पणखा हे नाव येतं ते पार पुढच्या कडव्यात. फरक पडतो तो कोण बोलतंय आणि कुणाला बोलतंय याने. मला 22 वर्षांत गाण्याच्या अर्थाबद्दल जे काय समजलंय ते एवढंच आहे, आधी बघा कोण बोलतंय. तुमच्या लेखकांनी नेमकं हेच केलं नाही. त्यांनी एक चावी बनवली की प्रियकर आला की परमात्मा, नवरी आली की आत्मा, आणि ती चावी दिसेल त्या कुलपाला लावत सुटले. लागते एखाद्या कुलपाला, नाही असं नाही.

एका ठिकाणी तर बरोब्बर लागते. भा. रा. तांब्यांचं 'नववधू प्रिया मी बावरते'. लग्नाच्या सीझनला हे गाणं माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतं आणि प्रत्येक वेळी कुठले तरी काका येऊन कानात सांगतात की अहो हे मरणाचं गाणं आहे. पहिल्यांदा मला वाटलं की काकांना जरा जास्त झालंय. मग सार्वजनिक वाचनालयात जाऊन तांब्यांचं पुस्तक काढून पूर्ण कविता वाचली, कारण रेकॉर्डवर गाणं ऐकताना आपलं लक्ष चालीकडे असतं. तर त्यात ती म्हणते 'मला येथला लळा लागला', बाग, झाडं, मळा सोडताना जीव तुटतो, आणि शेवटी म्हणते मला धीर देऊन ने, 'खरे घर ते'. आता माहेर सोडताना रडणारी कुठलीही मुलगी सासरला खरं घर म्हणेल का हो? लग्नाच्या दिवशी तरी नाही म्हणणार, म्हणाली तर आईला काय वाटेल. तिथे जरा थांबायला होतं. तर काकांचं म्हणणं हवेतलं नाही, त्याला धरायला शब्द आहेत कवितेत. पण म्हणून लग्नात लावू नये का? माझ्या मते खुशाल लावावं. तांब्यांनी मरणाबद्दल सांगायला नवरीच निवडली, तिचं ते लाजणं, पुढे होणं, परत मागे फिरणं हे सगळं आधी खरं वाटलं पाहिजे, तेव्हाच दुसरं काहीतरी त्यातून दिसेल. नवरी खोटी आणि मरण खरं असं नाही ना ते.

(तांब्यांचंच 'मावळत्या दिनकरा' एकदा अंबडच्या एका कंपनीत सेवापूर्तीला लावायला सांगितलं होतं. कवितेचा अर्थ एकदम सन्मानाचा आहे, उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात, मी मावळत्याला अर्घ्य देतो. पण ज्या साहेबांचा सत्कार होता त्यांना स्वतःला भर स्टेजवर 'मावळता' म्हणवून घेणं काही पचलं नाही, चेहरा बघण्यासारखा झाला होता. अर्थ बरोबर असून पण माती होते ती अशी.)

आता बुधवारच्या पत्रवाल्यांचं. अर्थ कळला की मजा जाते म्हणे. माझा अनुभव एकदम उलटा आहे.

माझ्याकडे एक पोरगा लोडिंगला आहे, बागलाणकडचा, घरी अहिराणी बोलतात. सहावीनंतर शाळा सोडलेली. एकदा महिला दिनाच्या कार्यक्रमाला बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय' लावलं होतं, तिथल्या सूत्रसंचालक बाईंनी स्टेजवरून सांगितलं की वढाय म्हणजे चंचल, मनाची चंचलता कवयित्री सांगते वगैरे. हा खाली केबल गुंडाळत होता, तो हसला. मी म्हटलं काय झालं रे. तर म्हणे "शेठ, चंचल नाही ते. ओढाळ ढोर बघितलं नाही का तुम्ही कधी? त्याला घरी पोटभर टाकलं ना तरी ते दुसऱ्याच्या उभ्या पिकात जातंच. मारलं तर तेवढ्यापुरतं बाहेर येतं, आपली पाठ फिरली की परत आत. त्याच्या गळ्यात लोढणं बांधतात, हे एवढं लाकूड, पळायला लागलं की पायात येतं." आणि त्याने हातातली केबल खाली ठेवून लाकूड केवढं असतं ते हाताने दाखवलं, आणि ढोर लोढण्यासकट कसं लंगडत लंगडत तरीपण पिकाकडेच जातं ते चालून दाखवलं.

मी ते गाणं शेकडो वेळा वाजवलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर' ही पुढची ओळ आहे, ती म्हणजे बाई शेताच्या बांधावर उभी राहून दमलेली आहे, रोज दमते, हे मला दिसायलाच लागलं. चंचल म्हटल्यावर मनात काय येतं, फुलपाखरू. आणि बहिणाबाई म्हणतात ढोर, ते पण पीक खाऊन नुकसान करणारं. चंचल या एका शब्दाने सगळं नुकसान पुसून टाकलं की. हा अर्थ कळून माझी मजा गेली नाही, उलट आता ते गाणं लागलं की मी हातातलं काम थांबवतो.

आणि आरतीचं काय करणार, तिथे तर अर्थ न कळल्यामुळे देवाला भलतंच ऐकावं लागतं. गणपतीत दहा दिवस मी वेगवेगळ्या मंडळांत उभा असतो, 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' आणि 'दीपज्योती'चं 'दीपक जोशी' हे तर जुने विनोद झाले, पोरं आता मुद्दाम म्हणतात. मला खटकतं ते पहिल्याच ओळीचं. 'सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची' इथे सगळे जोरात टाळी मारून थांबतात, श्वास घेतात, मग 'नुरवी' म्हणून पुढची ओळ उचलतात. म्हणजे गणपतीच्या नावापुढे विघ्नाची बातमी देऊन थांबलो आपण! ते आहे 'वार्ता विघ्नाची नुरवी', विघ्नाची नुसती बातमी सुद्धा तो उरू देत नाही. नुरवी म्हणजे न उरवी. आणि लगेच पुढे 'पुरवी प्रेम', एक उरू देत नाही, दुसरं पुरवतो, किती सुंदर जोडी आहे. एका मंडळाला हे सांगितलं, कार्यकर्ते म्हणाले काका टाळी कुठे मारायची मग. तोही प्रश्न बरोबर आहे, चाल तिथेच थांबते. ही आरती समर्थ रामदासांची मानतात आणि समर्थांनी 12 वर्षं तपश्चर्या केली ती आमच्या टाकळीला, म्हणून नाशिककरांनी तरी नीट म्हणावी असं मला आपलं वाटतं.

तसंच 'सागरा प्राण तळमळला'. 15 ऑगस्टला शाळाशाळांत. भगूर इथे देवळालीच्या पलीकडे, तिथे जन्मलेल्या माणसाने 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेलं. पोरं 'फेनमिषे' असं खणखणीत म्हणतात आणि एकाने मला विचारलं होतं काका फेन म्हणजे फॅन का. फेन म्हणजे फेस बाबा. समुद्राला फेस येतो तर कवीला वाटतं हा फेसाच्या निमित्ताने मला हसतोय, परत नेतो म्हणाला होता आणि आता दात काढतोय. मग शेवटी त्याला दम देतात की माझी आई अबला नाहीये, ती अगस्तीला सांगेल. अगस्तीने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला होता, ही गोष्ट माहिती नसेल तर ती ओळ नुसतीच आवाजाला भारी. मनमाडजवळ अंकाईच्या किल्ल्यावर अगस्तींचं स्थान दाखवतात, शाळेची ट्रिप तिकडे नेली आणि तिथे ही एक ओळ समजावली तरी पोरं विसरणार नाहीत. इथेही तेच, कुणाशी बोलतोय? समुद्राशी. सगळं गाणं म्हणजे समुद्राशी भांडण आहे, आणि आपण ते हात बांधून सुतकी चेहऱ्याने म्हणतो.

27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची 'कणा' प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी म्हणतंच. गाणं नाही ते पण मुद्दा तोच म्हणून सांगतो. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की यातली गंगामाई म्हणजे उत्तरेची गंगा, अख्ख्या भारताचं प्रतीक. हॉलमधले सगळे नाशिककर एकमेकांकडे बघायला लागले. अहो आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात. आम्ही म्हणतो 'गंगेवर जाऊन येतो', 'गंगेला पाणी सोडलंय', गंगाघाट, पूर आला की विचारतात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गुडघा, कंबर की छाती. 2008 च्या सप्टेंबरात माझे दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि चार बॉक्स त्या पाण्यात गेलेत, घाटाजवळ ठेवले होते. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, बरंचसं आयुष्य याच गावात गेलं. गंगामाई पाहुणी आली हे वाक्य नाशिकमधल्या माणसाचं आहे, नदीचा राग नाही करत तो, माहेरवाशिणीसारखी आली म्हणतो आणि घर धुऊन नेलं म्हणतो. मोठं प्रतीक काढायच्या आधी गावातल्या एखाद्या रिक्षावाल्याला विचारलं असतं तरी चाललं असतं.

कॉलेजच्या कार्यक्रमाची लिस्ट तर बघायलाच नको. एकदा 'ब्रेकअप सेगमेंट' असं लिहून खाली ग्रेसांचं 'ती गेली तेव्हा रिमझिम' टाकलं होतं. कवितेतच स्पष्ट म्हटलंय ती आई होती म्हणून. 'ती' दिसली की गर्लफ्रेंडच असं धरून चालतो आपण. मी त्या पोराला फोन करून सांगितलं, तो दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला "काका, मग ते शेवटी लावा, सगळ्यांना घरी सोडताना." मला बरं वाटलं त्याचं.

आणि एवढं सगळं सांगून वर मी असंही म्हणतो की सगळीकडे एकच अर्थ नसतो. नाथांचं भारूड आहे, 'सत्वर पाव गे मला भवानीआई, रोडगा वाहीन तुला'. त्यात सून देवीला नवस बोलते की सासरा गावाला गेलाय त्याला तिकडेच खपव, सासू जाच करते तिचा निकाल लाव, नवऱ्याची पण आहुती देते, मला एकटीला राहू दे. हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमात बायकांनी हे म्हटलं, मी म्हटलं आता इथे भांडणं लागतात, तर सगळ्यात जास्त टाळ्या सासवांच्या! कीर्तनकार सांगतात की सासरा म्हणजे अहंकार वगैरे, जीवाला हे सगळे पाश सोडून एकटं व्हायचंय. मान्य. पण पैठणच्या एकनाथांना त्या काळात घराघरातल्या सुनांचं बोलणं नीट ऐकू येत होतं म्हणून हे लिहिता आलं, नुसता अहंकार मनात असता तर रोडगा सुचला नसता. तुमच्या लेखकांनी यातली सून पार काढूनच टाकली आणि म्हणाले खरा अर्थ अध्यात्माचा. सुनेला काढलं तर गाणारीच गेली की हो, मग देवीला नवस बोलतंय कोण?

एक गाणं मात्र मला अजून सुटलेलं नाही म्हणून वाचकांना विचारतो. ज्ञानदेवांचं 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना'. जे गाव वसलंच नाही तिथे तीन कुंभार येतात, दोन थोटे, एकाला घडवता येत नाही, मग त्याने घडवलेली तीन मडकी, त्यात तीन मूग, सगळं असंच शेवटपर्यंत. सातपूरच्या एका भजनी मंडळाचं हे आवडतं. एक बुवा म्हणाले तीन गावं म्हणजे सत्त्व, रज, तम. दुसरे म्हणाले स्थूल, सूक्ष्म आणि कारण देह. मृदंग वाजवणारे म्हणाले अर्थ जाऊ द्या, ठेका बघा. मी सवयीप्रमाणे कोण बोलतंय ते बघायला गेलो तर इथे कुणी बोलतच नाहीये, कोडं एकटंच फिरतंय.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकला जातात तेव्हा सातपूरला कंपनीतल्या लोकांचा चहा-नाश्त्याचा मंडप असतो, तिथे माझे दोन बॉक्स असतात फुकटात. यंदा तिथे एक म्हातारे वारकरी माझ्या एक्स्टेंशन बोर्डावर मोबाईल चार्जिंगला लावून बसले होते, त्यांना विचारलं बाबा या तीन गावांचं काय. ते म्हणाले शेवट म्हणून दाखव. मी म्हटलं, "ज्ञानदेव म्हणे यातला अनुभव, सद्गुरूवाचूनि कळेचिना."

"मग?" म्हणाले. "ज्ञानोबांचे सद्गुरू कोण? निवृत्तिनाथ. ते कुठे आहेत? तिकडे वर, त्र्यंबकला. चल की मग आमच्यासोबत."

मला संध्याकाळी नाशिकरोडला हळद होती, गाडी लोड करायची होती, म्हणून गेलो नाही. त्यांचा मोबाईल तेवढा 40 टक्के झाला होता तो काढून हातात दिला.

आपला,
एक साऊंडवाला,
पंचवटी, नाशिक